जपलेली एमजीबी विकताना : आधी कागद, मग रंग

प्रश्न : माझ्याकडे १९७२ सालची, उघड्या टपाची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. वीसेक वर्षे ती मी स्वतः सांभाळली आहे. पावसात ती फारशी बाहेर काढली नाही, कापडी टप ओला असताना कधी मिटला नाही आणि प्रत्येक कामाचे बिल जपून ठेवले. आता गुडघे क्लचला साथ देत नाहीत आणि घरात पुढे ती चालवणारे कोणी नाही. जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने सांगितलेली किंमत ऐकून मन खट्टू झाले, म्हणून ती स्वतःच थेट ग्राहकाला विकावी असे वाटते. पुढच्या भागावर दगड उडून टवके गेले आहेत, डाव्या पुढच्या मडगार्डाच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला दोन फोड आले आहेत, टपाची एक शिवण उसवली आहे आणि मागची प्लास्टिकची खिडकी धुरकट झाली आहे. विकण्यापूर्वी गाडी रंगवून घ्यावी का? किंमत कशी ठरवावी? अनोळखी माणसाच्या हाती किल्ली द्यावी का? आणि पैसे कसे घ्यावेत?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे बरेच काही त्यावर अवलंबून आहे. गाडी रंगवून घेऊ नका. विक्रीच्या तोंडावर दिलेला ताजा रंग पाहून जाणकार ग्राहक खूश होत नाही, तो सावध होतो. रंगाखाली काय झाकले आहे, पत्रा बदलला आहे की नुसती पुट्टी भरली आहे, असे प्रश्न त्याच्या मनात येतात आणि त्यांची खात्रीची उत्तरे आपल्यालाही देता येत नाहीत, कारण जे पाहायचे ते रंगाखाली गेलेले असते. त्या मानाने आपल्या गाडीवरचे टवके आणि ते दोन फोड उघड्या डोळ्यांना दिसतात आणि त्यांचा अंदाज बांधता येतो. शिवाय रंगकाम नीट करायचे म्हणजे काचा, रबरे, पट्ट्या आणि दिवे उतरवून गाडी पत्र्यापर्यंत घासून घ्यावी लागते. तो खर्च विक्रीच्या किमतीतून क्वचितच वसूल होतो, आणि घाईने वरवर मारलेला रंग तर किंमत खालीच आणतो.

एमजीबी ही दुर्मीळ गाडी नाही, हे आपल्याला थोडे लागले तरी लक्षात असू द्यावे. १९६२ ते १९८० या काळात, बंद टपाची जीटी आणि मोठ्या इंजिनांचे प्रकार धरून, या घराण्यातल्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक उघड्या टपाच्या होत्या. सुटे भाग आजही सहज मिळतात, इतकेच नव्हे तर मूळ साच्यांवर दाबलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून बनवते आहे. याचा एक फायदा असा, की ही गाडी घेतल्यावर सुट्या भागांसाठी अडून राहावे लागेल अशी भीती ग्राहकाला नसते. मात्र आपली गाडी पसंत पडली नाही तर त्याला दुसरी सापडते, हेही तितकेच खरे आहे. दुसरीकडे सहसा सापडत नाही ती एकाच माणसाने दीर्घकाळ निगा राखलेली आणि त्या निगेचा पुरावा सोबत असलेली गाडी. आपण विकत आहात ते मुख्यतः हेच. म्हणून रंगासाठी जो वेळ आणि पैसा बाजूला काढला असेल, त्यातला वेळ कागदांवर आणि थोडा पैसा तपासणीवर खर्च करावा, असा माझा आग्रह आहे.

बिले एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावावीत आणि सर्वांत वर एक-दोन पानांची यादी ठेवावी. त्यात तारीख, त्या दिवशीचा मीटरचा आकडा, काय काम झाले, कोणते भाग बदलले आणि काम कोणी केले एवढे असावे. मीटरच्या आकड्याला विशेष महत्त्व आहे. या गाडीचे मीटर पाच आकडी आहे आणि ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे गाडी एकूण किती धावली हे मीटर पाहून सिद्ध होत नाही, ते वर्षानुवर्षे चढत गेलेल्या बिलांवरच्या आकड्यांतूनच सिद्ध होते. घरी केलेली कामेही लिहावीत. तेल कधी बदलले, पुढच्या चाकांच्या किंगपिनांना (चाके ज्यांवर डावी-उजवीकडे वळतात त्या खिळांना) ग्रीस कधी दिले, ब्रेकचे तेल कधी बदलले, हे वहीत नोंदलेले असेल तर ती वही फाइलला जोडावी. किंगपिनांना वेळेवर ग्रीस मिळाले नाही तर ते झिजतात आणि ते काम किरकोळ नसते, हे या गाडीच्या माहितगारांना ठाऊक असते. त्यांच्या दृष्टीने अशी एक नोंद चकचकीत बंपरापेक्षा मोलाची आहे.

यात एक कागद नव्याने मिळवण्यासारखा आहे. इंग्लंडमधल्या गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत आणि चॅसी क्रमांक कळवून शुल्क भरल्यास ते हेरिटेज सर्टिफिकेट देतात. गाडी कोणत्या दिवशी तयार झाली, तिचा मूळ रंग कोणता होता, कोणत्या क्रमांकाचे इंजिन बसवले होते आणि ती कोणत्या बाजारासाठी रवाना झाली, हे त्यातून कळते. आपल्या सालच्या उघड्या गाडीचा क्रमांक ‘जीएचएन५’ या अक्षरांनी सुरू व्हायला हवा, तर बंद जीटीचा ‘जीएचडी५’ने सुरू होतो. इंजिन नंतर बदलले गेले असेल किंवा आजचा रंग मूळचा नसेल तर संकोच न करता तसे सांगावे. वापरासाठी गाडी शोधणाऱ्या बहुतेक ग्राहकांना त्याचे वावडे नसते, वावडे असते ते हे नंतर कळण्याचे.

आता त्या दोन फोडांविषयी. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचे भाग जोडून केलेली बॉडीच सगळा भार पेलते. उघड्या गाडीला वरून छताचा आधार नसल्याने दोन्ही दारांखालचे सिल, म्हणजे पत्र्याच्या पोकळ लांब पट्ट्या, हेच तिचे बळ असतात. हे सिल आतून एकाहून अधिक थरांचे आहेत आणि आतले थर सडलेले असताना बाहेरून नवा पत्रा वेल्ड करून ते धडधाकट भासवण्याचा प्रकार जुन्या काळापासून चालत आला आहे. त्यामुळे जाणता ग्राहक आला की तो आधी खाली वाकेल, दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहील, आणि आपली हरकत नसेल तर जॅकवर गाडी उचलल्यावर त्या फटी बदलतात का, दार अडकते का, हेही पाहील. दाराची वरची फट आवळत असेल तर गाडी मध्ये वाकते आहे असा त्याचा अर्थ होतो. आपले फोड नेमके चाकामागच्या कोपऱ्यात आहेत. तिथे मडगार्डाच्या आत चिखल साठून राहतो आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून ‘वरवरचा गंज आहे’ असे तपासल्याशिवाय लिहू नका. या गाडीची पुढची मडगार्ड बोल्टने बसवलेली असल्याने माहीतगार मेकॅनिकला आतली स्थिती पाहणे अशक्य नाही. सिलच्या आतही बारीक कॅमेरा घालून फोटो काढता येतात. गाडी उचलून खालच्या बाजूची तपासणी करून घ्यावी, तारखेसह लेखी अहवाल घ्यावा आणि तो फाइलमध्ये लावावा. अहवालात उणे काही निघाले तरी हरकत नाही. आपण स्वतः दाखवलेला गंज किमतीत एकदाच मोजला जातो, ग्राहकाने शोधून काढलेला गंज मात्र संपूर्ण गाडीवर संशय आणतो.

टपाचे काम सोपे आहे. उसवलेली शिवण चांगल्या कारागिराकडून शिवून घ्यावी आणि धुरकट खिडकी प्लास्टिकसाठीच्या पॉलिशने हलक्या हाताने साफ करावी. खिडकी तडकलेली असेल तरच ती बदलण्याचा विचार करावा. नवा टप बसवू नये, असे मी ठामपणे सांगेन. कापडी टप बसवणे हे कसबाचे काम आहे आणि सैल किंवा वाकडा बसलेला नवा टप हा नीट बसलेल्या जुन्यापेक्षा वाईट दिसतो, फडफडतो आणि गळतो. शिवाय प्लास्टिकसारखे व्हायनिल हवे की मोहेअर हे विणलेले कापड, काळा हवा की दुसऱ्या रंगाचा, हे पुढच्या मालकाला ठरवू द्यावे. फोटो काढण्याच्या काही दिवस आधी टप लावून ठेवावा म्हणजे घड्या सुटतात. टपाचे आवरण, बसण्याच्या जागेवर ताणून लावायचे कव्हर, जॅक, चाकांची हातोडी, जादा किल्ल्या, हे सगळे शोधून एकत्र ठेवावे.

पैसे खर्च करावेत ते सुरक्षिततेशी संबंधित गोष्टींवर. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, हॉर्न, वायपर आणि इंधनाच्या रबरी नळ्या यांत कसलाही दोष राहू देऊ नये, कारण गाडी चालवून पाहताना ब्रेक एका बाजूला ओढला की पुढचे बोलणे तिथेच खुंटते. जुन्या नळ्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने खराब होतात. त्या बदललेल्या असतील तर सांगावे. सिलिंडर हेडमध्ये शिसेविरहित पेट्रोलसाठी कडक व्हॉल्व्ह सीट बसवले असतील तर तेही सांगावे, कारण तो प्रश्न हमखास येतो. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत. ३२१८ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या ३२व्या आठवड्यात तयार झाला. नक्षी भरपूर शिल्लक असूनही टायर म्हातारा झालेला असतो, आणि क्वचित चालवलेल्या गाड्यांच्या बाबतीत हे फार आढळते. इंजिन गरम झाल्यावर रस्त्यावरच्या वेगात तेलाचा दाब दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि उभ्या गाडीत १० ते २५ पौंड असावा. आपल्या गाडीचा दाब या मर्यादेत असेल तर त्या काट्याचे दोन्ही वेळचे फोटो जाहिरातीत जरूर द्यावेत. ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा गिअरचा जादा टप्पा) असेल तर तो तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये लागतो का हे आधी स्वतः पाहून ठेवावे.

किंमत ठरवताना सर्वांत मोठी दिशाभूल जाहिरातींतल्या आकड्यांनी होते, कारण ते मागितलेले आकडे असतात, मिळालेले नव्हेत. महिनोन्‌महिने त्याच किमतीला पडून असलेली गाडी आपल्याला फक्त एवढेच सांगते, की त्या किमतीला ती जात नाही. लिलावांचे निकाल अधिक भरवशाचे असतात. तिथे पुष्कळदा जाहीर आकड्यात खरेदीदाराकडून घेतलेले शुल्क मिळवलेले असते आणि विकणाऱ्याकडूनही दलाली कापली जाते, तेव्हा मालकाच्या हाती प्रत्यक्ष किती पडते याचा हिशेब करावा. तुलना करताना क्रोम बंपरच्या गाडीची तुलना क्रोम बंपरच्याच गाडीशी करावी. १९७४ च्या अखेरीपासून आलेल्या रबरी बंपरच्या गाड्यांचा बाजार वेगळा आहे. विम्यासाठी ठरवलेले मूल्य हे गाडी गमावल्यास तशी दुसरी मिळवण्याचे मूल्य असते आणि ते विक्रीच्या किमतीपेक्षा चढे असू शकते, म्हणून तो आकडा समोर धरू नये. आपण गाडीवर आजवर केलेला एकूण खर्च तर या हिशेबात येतच नाही. ही गोष्ट स्वीकारणे जड जाते, हे मी जाणतो. त्या व्यापाऱ्याचा आकडाही एकदा शांतपणे पाहावा : त्याला जागा अडवून ठेवावी लागते, दुरुस्ती करावी लागते, विक्रीनंतरच्या तक्रारी ऐकाव्या लागतात आणि वर नफाही मिळवायचा असतो. थेट विक्रीत हे सारे कष्ट आपल्याकडे येतात आणि वाढीव किंमत ही त्यांचीच भरपाई असते. मागायची किंमत आणि त्याखाली जायचे नाही ती किंमत, असे दोन आकडे आधीच कागदावर लिहून ठेवावेत आणि दुसरा कोणालाही सांगू नये.

जाहिरातीत विशेषणे टाळावीत. ‘अप्रतिम’, ‘शोरूमसारखी’, ‘पाहताक्षणी प्रेमात पडाल’ असे लिहिणारे पुष्कळ असतात. आपण असे लिहू शकता : ‘१९७२ ची एमजीबी रोडस्टर, वीसेक वर्षे एकाच मालकाकडे. या काळातल्या प्रत्येक कामाचे बिल उपलब्ध. सिल आणि खालच्या बाजूचा ताजा तपासणी अहवाल व फोटो मागितल्यास पाठवू. दोष : पुढच्या भागावर दगडांचे टवके, डाव्या पुढच्या मडगार्डाच्या खालच्या कोपऱ्यात गंजाचे दोन फोड, टपाची एक शिवण पुन्हा शिवलेली, मागची खिडकी किंचित धुरकट. गुडघ्यांच्या त्रासामुळे विक्री. किंमत हे दोष धरून ठरवली आहे.’ शेवटचे वाक्य मुद्दाम लिहावे, कारण पुढे घासाघीस करताना कोणी त्याच फोडांकडे बोट दाखवून पैसे कमी करू लागला, तर आपण शांतपणे या वाक्याकडे बोट दाखवू शकता. फोटो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उजेडात आणि कोरड्या गाडीचे काढावेत, कारण ओल्या गाडीवर रंगाचे दोष लपतात आणि जाणत्याला ते लगेच कळते. टप लावलेला आणि उघडलेला, डिकीचा तळ, जादा चाकाखालची जागा, चालकाच्या सीटची झिजलेली कड, चॅसी क्रमांकाची पट्टी, आणि ते फोड अगदी जवळून, असे फोटो असावेत. कागदांचे फोटो देताना नाव, पत्ता आणि सही झाकावी.

ग्राहक येईल त्या दिवशी इंजिन आधी सुरू करून ठेवू नये. थंड इंजिन चोक ओढून कसे सुरू होते हे त्याला पाहायचे असते, आणि बॉनेट गरम लागले तर आपण काहीतरी लपवत आहात अशी शंका त्याला येते. फोनवरच ‘शेवटचे किती?’ असे विचारणाऱ्याला गाडी पाहिल्यावर बोलू, एवढेच सांगावे. किल्लीच्या बाबतीत नियम असा ठेवावा : आधी त्याचा परवाना पाहून त्याची नोंद करावी, आपल्या विम्यात दुसऱ्या चालकाला संरक्षण आहे का हे विमा कंपनीला आधीच विचारून ठेवावे, आणि संरक्षण नसेल तर त्याने ते घेऊन यावे. पहिली फेरी आपण किंवा आपल्या विश्वासातल्या चालकाने मारावी आणि त्याला शेजारी बसवावे, म्हणजे गाडी गरम होते आणि ती कशी चालवायची हे त्याला दिसते. जागा बदलताना इंजिन बंद करून किल्ली हातात घ्यावी. चालू गाडीतून आपण उतरायचे आणि त्याने आत बसायचे, असे कधीही घडू देऊ नये. भेटीच्या वेळी घरात आणखी कोणीतरी असावे. स्वतःच्या खर्चाने मेकॅनिक आणून गाडी तपासायची असे कोणी म्हटले तर आनंदाने होकार द्यावा, कारण तो घेण्याच्या तयारीने आलेला असतो.

पैशांच्या बाबतीत मात्र कठोर राहावे. गाडी न पाहता पूर्ण किंमत मान्य करणारा, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक किंवा ड्राफ्ट पाठवून वरची रक्कम वाहतूकदाराला द्या म्हणणारा आणि स्वतः सुचवलेल्या एखाद्या मध्यस्थ सेवेतूनच व्यवहार व्हावा असा हट्ट धरणारा, या तिघांशी पत्रव्यवहार तिथेच थांबवावा. पहिल्या प्रकारात कधी एखादा खरा संग्राहकही असतो, पण तो निदान आपला तपासनीस पाठवतो. जास्त रकमेचा चेक खात्यात जमा दिसला तरी काही दिवसांनी तो खोटा ठरून परत येऊ शकतो आणि आपण पाठवलेले पैसे तोवर गेलेले असतात. रक्कम बँकेतून थेट आपल्या खात्यात यावी आणि ती आल्याची खात्री आपण स्वतः आपल्या खात्यात पाहून किंवा बँकेला विचारून करावी. ग्राहकाच्या फोनवरचा फोटो किंवा आपल्याला आलेला संदेश यांवर विसंबू नये. मोठी रोकड घ्यायचीच असेल तर ती बँकेच्या शाखेत मोजून घ्यावी आणि त्यावर कायद्याची मर्यादा आहे का हे आधी पाहावे. बयाणा घेतल्यास पावतीवर उरलेली रक्कम कधीपर्यंत द्यायची आणि सौदा मोडल्यास बयाण्याचे काय, हे लिहावे.

पूर्ण रक्कम जमा झाल्यावरच किल्ल्या, नोंदणीची कागदपत्रे आणि फाइल द्यावी, आणि फाइलची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. विक्रीपत्राच्या दोन प्रती कराव्यात. त्यांत दोघांची नावे व पत्ते, चॅसी आणि इंजिन क्रमांक, मीटरचा आकडा, किंमत, गाडी आहे त्या स्थितीत पाहून घेतल्याची नोंद, आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ असावी. वेळ लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण त्याच संध्याकाळी रस्त्यावर काही घडले तर त्या क्षणी गाडी कोणाची होती हा प्रश्न उद्भवू शकतो. मालकी बदलल्याची सूचना आपण स्वतःच त्याच दिवशी नोंदणी कार्यालयाला द्यावी, ‘मी करून घेतो’ या ग्राहकाच्या शब्दावर ती सोडू नये. त्या सूचनेची पोच हाती आल्यानंतरच आपला विमा बंद करावा.